अ‍ॅक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्रॅम) नसताना त्याची एमडीबी फाइल उघडायची तर: एमडीबी टूल्स

फुकटातलं हे साधन टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करून चालतं. खिडक्या-बटणं शोधू नका. ‘एमडीबी-टेबल्स’ या आज्ञेला ‘-१’ हा पर्याय जोडा, म्हणजे टेबलांची नावं एकाखाली एक येतात. नाहीतर ‘ऑर्डर डिटेल्स’ हे एकच टेबल दोन वाटतं! मग ‘एमडीबी-एक्सपोर्ट’ला फाइल आणि टेबलाचं नाव द्यायचं, की सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) हातात. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत घाला.

डोकं खाते ती अ‍ॅक्सेस ९७ची फाइल. तिच्यातला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे ‘एमडीबी_जेट३_चारसेट’ या व्हेरिएबलमध्ये (टर्मिनलमधल्या सेटिंगमध्ये) योग्य कोडपेज, म्हणजे अक्षरांची संकेतयादी, दिलं नाही तर अक्षरांचा पार चिवडा होतो. या साधनातून फॉर्म, रिपोर्ट मिळणार नाहीत. नोंदी बदलायच्या असतील तर याच्या नादी लागू नका.