मुंबईत पहिला मुक्काम: रिटायरिंग रूम की दादरचा लॉज?

भाची लातूरहून परीक्षेसाठी पहिल्यांदाच एकटी मुंबईला निघालीय. राहू कुठे, विचारत होती.

सीएसएमटीची रिटायरिंग रूम, म्हणजे स्टेशनातच प्रवाशांना भाड्याने मिळणारी रेल्वेची खोली: गाडीतून उतरलं की मुक्काम, सामान घेऊन वणवण नाही. पण कन्फर्म तिकिटाचा पीएनआर लागतो आणि खोली ठरावीक तासांपुरतीच. डॉर्मिटरी, म्हणजे अनेकांची एकत्र झोपायची खोली, स्वस्त पडते. तिथे बॅगेला साखळी-कुलूप हवंच.

लॉजला भाडं जास्त, पण रात्री अभ्यासाला दिवा आपल्या हातात. शिवाय दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही लोकल मिळतात. केंद्र अंधेरीला असेल तर हे फार मोलाचं. मात्र आतली कडी स्वतः लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस, बाळा.

एका रात्रीचं काम, केंद्र सीएसएमटीजवळच्या फोर्टात: रिटायरिंग रूम. दोन-तीन दिवस किंवा पेपर उपनगरात: दादर.