चर्चमधला युद्धस्मृतिफलक: पितळ, संगमरवर, ग्रॅनाइट की स्मृतिग्रंथ?

युद्धात कामी आलेल्या आपल्या मंडळीतल्या माणसांची नावं चर्चमध्ये लावायची असं समितीत ठरलं, की पहिला प्रश्न येतो खर्चाचा. तो थोडा बाजूला ठेवा. आधी दोन गोष्टी नक्की करा: पुढे नावं वाढणार आहेत का, आणि दहा वर्षांनी हा फलक पुसणार कोण? निम्मी निवड इथेच होते.

पुण्यात डोळ्यांसमोर नमुने भरपूर आहेत. कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चच्या भिंतींवर पितळी आणि संगमरवरी स्मृतिफलक आहेत, ते जवळ जाऊन वाचा. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत. तिथेच पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या, पण ज्यांच्या मूळ कबरींची निगा राखणं शक्य राहिलं नाही अशा १,८०० हून अधिक जणांचं नामस्मारक आहे. हुद्दा मोठा म्हणून कबरीचा दगड मोठा, असं तिथे नाही. चर्चच्या फलकावरही हाच नियम ठेवावा असं आम्ही आग्रहाने सांगू: सगळ्यांची अक्षरं एकाच मापाची, क्रम आडनावानुसार किंवा मृत्यूच्या तारखेनुसार.

तुलनेसाठी २ बाय ३ फुटांचा उभा फलक धरू. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून १२ मिमी उंचीच्या अक्षराला ओळीमागे किमान २८ मिमी जागा द्यावी लागते. शीर्षक आणि समास सोडले तर २१ ओळी बसतात, दोन रकाने केले तर ४२ नावं. ही अक्षरं दीड-दोन मीटरवरून नीट वाचता येतात. त्याहून उंच लावायचा असेल तर अक्षर वाढवा, नावांची दाटी करू नका.

पितळ जुन्या चर्चमध्ये सगळ्यांत शोभतं. ३ मिमी जाडीचा असा पत्रा साधारण १४ किलो भरतो, त्यामुळे भिंतीवर भार कमी. पण तो बिघडतो प्रेमापोटीच. दर सणाला ब्रासो (पितळेचं पॉलिश) लावून घासला, की अक्षरांच्या कडा झिजतात, खाचांत पांढरी पूड बसते आणि काही वर्षांनी नाव बोटाला लागतं पण डोळ्याला दिसत नाही. ट्रॉफीच्या दुकानात ॲसिडने कोरलेली अक्षरं फार उथळ असतात. मशीनवर कोरून घ्या, खोली १ मिमीच्या आसपास मागा. वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, दिलं तर पॉलिश करायचंच नाही, फक्त कोरडं मऊ फडकं. लॅकरला ओरखडा गेला की पावसाळ्यात त्या रेषेतून काळा डाग पसरतो. तेव्हा थोडंसं टचअप चालत नाही, सगळं लॅकर काढून नव्याने द्यावं लागतं. आठ-दहा नावं आणि आतली कोरडी भिंत असेल तर पितळ जरूर घ्या. बाहेर नको.

संगमरवर घ्या तो शेजारी जुने संगमरवरी फलक असतील तरच. तो आम्लाला अजिबात टिकत नाही. फरशीसाठी वापरलेल्या ॲसिडचे शिंतोडे, मेणबत्तीचं तेलकट मेण, भिंतीतून चढणारी ओल, सगळं त्यात मुरतं. जमिनीपासून चार फुटांच्या वर लावा.

नावं पंचवीस-तीसच्या पुढे असतील किंवा फलक आवारात लावायचा असेल, तर काळा ग्रॅनाइट. २० मिमी जाडीचा हाच आकार सुमारे ३० किलोचा होतो. अक्षरं सँडब्लास्ट करून (वाळूचा जोरदार मारा करून) निदान २ मिमी खोल घ्या. लेझरने फक्त वरची चकाकी उडते, आणि बाहेरच्या फलकाच्या अक्षरांत भरलेला सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत सुटू लागतो. खिडकीसमोर मात्र लावू नका, चकाकीत नावांऐवजी खिडकीचं प्रतिबिंबच दिसतं. घेताना पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन दगडाच्या कडेला घासा. काळं उतरलं तर दगड रंगवलेला आहे, परत करा. आपला काळा पाषाण (बेसॉल्ट) चौथऱ्यासाठी उत्तम, पण त्यातल्या बारीक छिद्रांमुळे लहान अक्षरांची कड धरत नाही.

कोणताही दगड नुसत्या चिकट पेस्टवर लावू नका. खाली आधाराला स्टेनलेस स्टीलचे दोन अँगल आणि चार पिना हव्यात. लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि दगडाचा कोपरा उडवतो. जुन्या दगडी भिंतीत भोक सांध्यात पाडा, दगडात नको. सांधा चुन्याने पुन्हा भरता येतो. भोकात फुगून घट्ट बसणारा अँकर फास्टनर (बोल्ट) तिथे वापरू नये, चुना भुसभुशीत असला तर तो धरत नाही. फलकामागे ५-६ मिमी पोकळी ठेवली तर ओल साचत नाही. आणि हे सगळं धर्मप्रांताची लेखी परवानगी आल्यावर. इमारत वारसा यादीत असेल तर त्यासाठीची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

स्मृतिग्रंथाला कमी लेखू नका. फलकावर नाव, हुद्दा, पलटण, तारीख एवढंच मावतं. ग्रंथात प्रत्येकाला एक पान मिळतं: बाप्तिस्म्याची नोंद, घर, मरणाचं ठिकाण, फोटो. नवं नाव वाढवता येतं, चूक दुरुस्त करता येते. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड आम्लविरहित कागद आणि कार्बनची काळी शाई वापरा, बॉलपेन नको. काचेच्या पेटीत ठेवा, ऊन येऊ देऊ नका. पेटीत सिलिका जेल ठेवून पावसाळ्यात ते बदलत राहा, नाहीतर बुरशी आणि कसर लागते. तोटा एकच: पान उलटायला माणूस लागतो. दर रविवारी एक पान, हे काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

आमची पसंती जोडीला आहे: भिंतीवर साधा ग्रॅनाइट, खाली ग्रंथ.

नावांची खातरजमा कोरण्याआधी. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. मृत्यू युद्धातला धरण्याची त्यांची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, म्हणजे युद्ध संपल्यावर दुखण्याने गेलेला सैनिकही त्यात असू शकतो. तुमची मुदतही आधीच ठरवा, नाहीतर एखादं घर वगळलं जाईल. १९४७ नंतरच्या शहिदांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाची यादी पाहा. इंग्रजी नोंदीतलं आडनाव मराठीत कसं लिहायचं, हे मात्र घरच्यांना विचारा.

शेवटचा कागदी नमुना मूळ मापात छापून भिंतीवर चिकटवा. कारागिराच्या संगणकात फॉन्ट बदलला की ‘ऱ्या’ फुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, म्हणून फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचं आकृतीत रूपांतर करूनच) पाठवा. प्रत्येक घरातल्या एकाने आपलं नाव वाचून शेजारी सही करावी, मगच कोरायला द्या. तळाशी चार ओळी कोऱ्या सोडा. उशिरा सापडलेलं नाव तिथे जाईल.