मकरपुऱ्यातील आर्गन वेल्डिंगचा वर्ग : नवशिक्याचा अभिप्राय

टिग हे या वेल्डिंगचे पुस्तकी नाव असले, तरी वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सगळे त्याला त्यात वापरल्या जाणाऱ्या वायूच्या नावावरून आर्गनच म्हणतात. आमच्या कार्यशाळेत चहाच्या टाक्या, फरसाणाच्या दुकानांचे काउंटर आणि हलवायांची टेबले स्टेनलेस स्टीलमध्ये तयार होतात. वडिलांच्या काळापासून आर्गनचे काम करणारा कारागीर गेल्या वर्षी दहेजला चांगल्या पगारावर गेला. रोज बाहेरचा माणूस बोलावणे परवडेना, म्हणून वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः शिकायचे ठरवले आणि सहा आठवड्यांच्या एका वर्गात नाव घातले. हा वर्ग एका लहान शेडमध्ये चालतो, एका तुकडीत सहाच जण घेतात, आणि जागा आधीच अपुरी असल्यामुळे नाव छापू नये अशी चालकांची विनंती आहे. ती पाळून हा अभिप्राय लिहीत आहे, कारण आर्गन शिकायला निघालेल्या माणसाने कोणत्याही वर्गात काय पाहावे, हे मला तिथेच कळले.

शिकवणारे काका दांडिया बाजारातले मराठी गृहस्थ असून त्यांनी अनेक वर्षे औषध कारखान्यांच्या पाइपलाइनवर काम केले आहे. माझ्याशी ते मराठीत बोलत आणि आयटीआयच्या मुलांशी गुजरातीत. पण दोन्ही भाषांत कारण सांगितल्याशिवाय कृती सांगत नसत. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन सुरू केले त्या शहरात तंत्राचे शिक्षण आपल्या भाषेत मिळावे ही अपेक्षा मोठी नाही, तरी मी चौकशी केलेल्या इतर दोन ठिकाणी "बघून शिका" एवढेच उत्तर मिळाले होते.

पहिला पूर्ण आठवडा आम्हाला सांध्यात भरायची तार हातात दिली नाही. २ मिलिमीटर जाडीच्या एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पट्टीवर फक्त आर्क (विजेची ज्योत) धरायचा, धातूचा रस होऊ द्यायचा आणि तो सरळ रेषेत पुढे न्यायचा, एवढेच काम होते. साध्या वेल्डिंगमध्ये कांडी स्वतः वितळून सांध्यात जाते. इथे टंगस्टनची सुई वितळायची नसते. त्या धातूचा वितळणबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे, म्हणून तो आर्कची उष्णता सोसतो, पण त्याचे टोक रसाला टेकले की दोन्ही बिघडतात. सुई आणि पत्रा यांत सुईच्या जाडीएवढेच, म्हणजे दीड-दोन मिलिमीटर अंतर राखायचे असते. पहिल्या दिवशी माझी सुई अकरा वेळा रसात बुडाली. दर वेळी काका टॉर्च, म्हणजे सुई धरणारी मूठ, खाली ठेवायला लावत, सुई काढून ग्राइंडरवर लांबीच्या दिशेने घासायला सांगत आणि घासल्याच्या रेषा आडव्या आल्या असतील तर परत पाठवत, कारण आडव्या रेषांवर आर्क भटकतो. तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटला. आता वाटते, फीचे निम्मे पैसे त्या ग्राइंडरपाशीच वसूल झाले.

त्यांचा दुसरा आग्रह हात टेकण्याचा होता. "ताई, हात हवेत असेल तर आर्क पण हवेतच राहणार," असे म्हणून त्यांनी माझ्या करंगळीखाली लोखंडाचा एक तुकडा सरकवला, आणि तेवढ्यानेच टॉर्चचा थरथराट निम्म्यावर आला. तार पुढे सरकवण्याचा सराव मात्र घरीच करावा लागतो. मी हातमोजा घालून १.६ मिलिमीटरची तार बोटांतून पुढे ढकलत रोज संध्याकाळी अर्धा तास ओसरीवर बसत असे. तिसऱ्या आठवड्यात डावा हात उजव्याकडे न बघता चालू लागला.

या वर्गाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे चूक ओळखायला शिकवणे, आणि ते मला एका वाईट अनुभवातून कळले. मे महिन्यात चौथ्या आठवड्यात माझ्या सगळ्या झाळा, म्हणजे वेल्डिंगचे सांधे, काळपट, खडबडीत आणि सुईने टोचल्यासारख्या छिद्रांच्या येऊ लागल्या. दोन दिवस मी स्वतःच्या हाताला दोष दिला. मग गॅस कमी पडत असेल असे समजून मिनिटाला ८ लिटरचा प्रवाह १८ वर नेला, तर झाळ आणखी बिघडली. काकांनी पट्टी उजेडात धरून पाहिली, काही न बोलता माझ्या मागचा उभा पंखा बंद केला, प्रवाह पुन्हा ८ वर आणला आणि त्याच पट्टीवर झाळ मारायला सांगितले. ती फिकट सोनेरी उतरली. आर्गनचे काम तापलेल्या धातूपासून हवा दूर ठेवण्याचे आहे. पंखा तो गॅस उडवून नेत होता, आणि प्रवाह जास्त वाढवला की गॅस घुसळत बाहेर पडतो आणि उलट हवाच आत ओढतो. त्या दिवसापासून मी झाळीचा रंग वाचते : फिकट पिवळा किंवा सोनेरी असेल तर समाधान, निळा असेल तर उष्णता जास्त, करडा किंवा काळा असेल तर थांबून कारण शोधायचे.

आता उणिवा. बेचाळीस अंशांच्या उन्हात पंखे बंद करून दोन तास काम करणे कठीण आहे, आणि शेडमध्ये धूर व उष्णता बाहेर खेचण्याची सोय नाही. झाळीपासून दूर, छताजवळ हवा ओढणारा पंखा बसवला तर आर्गनला धक्का न लागता ही अडचण सुटेल. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सरावासाठी लाल टोकाचे टंगस्टन दिले जाई. त्यात थोरियम असते आणि ते सौम्य किरणोत्सर्गी असते. वापरताना फारसा धोका नसला तरी घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये, आणि आम्हाला मास्क दिले नव्हते. मी हा विषय काढल्यावर पुढच्या सोमवारी मास्क आले आणि नवी खेप लँथेनमवाल्या, सोनेरी टोकाच्या सुयांची मागवली गेली. ही तत्परता नोंदवली पाहिजे, पण ती विद्यार्थ्याने मागण्याची गोष्ट नव्हे. हेल्मेटही सामाईक असून त्यांतील दोनांची काच कमी करंटवर आपोआप काळी होत नाही. स्वतःचे घेऊन जावे, आणि गळ्यापर्यंत बंद होणारा सुती शर्ट घालावा. या आर्कची अतिनील किरणे तीव्र असतात. पहिल्या आठवड्यात माझ्या गळ्याखाली उघड्या राहिलेल्या त्रिकोणाची कातडी भाजून सोलली होती.

ॲल्युमिनियमला एकच दिवस दिला जातो, आणि तो अपुरा आहे. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर सुमारे २,०७२ अंशांना वितळतो आणि आतला धातू ६६० अंशांनाच, म्हणून तिथे एसी करंट लागतो; तसे मशीन सहा जणांत एकच आहे. ज्यांना ॲल्युमिनियमचेच काम करायचे आहे त्यांनी इथे येऊ नये. पाइपच्या आतून आर्गन भरून सांध्याची मागची बाजू हवेपासून राखण्याचा सराव अभ्यासक्रमात नाही. मागितल्यावर काका दोन संध्याकाळी थांबून शिकवतात.

एसएस आणि एमएसचा (साध्या पोलादाचा) पातळ पत्रा जोडायला शिकायचे असेल, तर १४,००० रुपये फी मला योग्य वाटते. गॅस, तारा आणि पट्ट्या त्यातच येतात. सहा आठवड्यांत माणूस कारागीर होत नाही. वर्ग संपल्यावर मी केलेली पहिली टाकी पाण्याने भरून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली, तेव्हा सकाळी टाकीचा एक कोपरा ओला होता. तो कोपरा कापून मी काकांकडे नेला. झाळ जिथे संपली तिथे बारीक खळगा होता आणि त्यात केसाएवढी चीर. मी बटण सोडताच करंट एकदम तुटत होता. माझ्या मशीनवर करंट हळूहळू उतरवण्याची वेळ शून्यावर राहिली होती. त्यांनी ती चार सेकंदांवर ठेवायला सांगितली, शेवटी खळग्यात तारेचा एक थेंब जास्त द्यायला सांगितले आणि या सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. दुसरी टाकी कोरडी राहिली आणि आता रावपुऱ्यातल्या एका चहाच्या दुकानात वापरात आहे.