वणवा कुठे वळेल: फारसाइट की डब्ल्यूआरएफ-एसफायर?

अमेरिकेत वणव्याची चाल ओळखायला फारसाइट आणि डब्ल्यूआरएफ-एसफायर ही दोन्ही संगणकी मॉडेलं वापरतात, पण दोघांची जातकुळी वेगळी. फारसाइटचा पाया म्हणजे अमेरिकी वणवा-संशोधक रिचर्ड रॉथरमेल यांनी १९७२ मध्ये मांडलेलं, आग किती वेगाने पसरेल याचं समीकरण. वाळलेलं गवत किती, त्यात ओल किती, चढ किती, वारा किती, एवढं दिलं की आगीची कड टप्प्याटप्प्याने लंबवर्तुळासारखी पुढे सरकते. साध्या संगणकावर झटपट उत्तर मिळतं. मात्र वारा बाहेरून दिलेला. आगीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

प्रत्यक्षात आग वारा बदलतेच. तापलेली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा आत खेचली जाते. कॅलिफोर्नियातल्या २०२० च्या क्रीक वणव्यावर तर गडगडाटी ढगच उभा राहिला होता. डब्ल्यूआरएफ-एसफायरमध्ये हवामान आणि आग यांचं गणित एकत्र चालतं, म्हणून अशा वणव्यासाठी मला तेच जास्त भरवशाचं वाटतं. पण त्याला मोठी संगणकशक्ती लागते.

गाव रिकामं करायचं की नाही हे तासाभरात ठरवायचं असेल, तर मी आधी फारसाइटच चालवेन, आणि वाऱ्याची दिशा थोडीथोडी बदलून पुन्हा पुन्हा चालवेन.