सायकलला मोटर: चाकात की पेडलपाशी?

रत्नागिरीहून भाच्याने विचारलंय: जुन्या गिअरच्या सायकलला हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) बसवू की मिड-ड्राइव्ह (पेडलपाशी बसून चेन ओढणारी)?

खर्चात हब सरळ जिंकते. मिड-ड्राइव्हचं किट बरंच महाग पडतं, शिवाय बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस, काढायला खास पाने लागतात. हबसाठी चाक बदला, वायरी जोडा, झालं.

चढावर मात्र उलटं. भाट्याहून पावस गावाकडच्या चढाला लागलात की हब मोटरला गिअर बदलता येत नाही. वेग पडला की ती तापते आणि बॅटरी खाते. मिड-ड्राइव्ह सायकलचेच गिअर वापरते, म्हणून लहान मोटरही चढून जाते. त्याचा भार चेनवर येतो. आपल्या खाऱ्या हवेत चेन आधीच गंजते, त्यात हा ताण. पावसाळ्यात ती वरचेवर पुसून तेल द्यावंच लागतं. हबमध्ये पाणी शिरतं ते वायरीच्या तोंडातून. तिथे वायर थोडी खाली लोंबती ठेवा, थेंब बाहेरच गळतात.

वाहन नोंदणीतून सूट हवी तर मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, दोन्हींना सारखंच.

रोज चढ असेल तर मिड-ड्राइव्हच घ्यावी, चेनचे पैसे वेगळे धरून. अलिबाग–रेवदंड्यासारख्या सपाट रस्त्यावर बाजारहाटाला हब पुरते.