बिले सांभाळते, प्रवास विचारत नाही : एका पगारपत्रक सेवेचे परीक्षण

पगार, भत्ते आणि खर्चाची प्रतिपूर्ती हे सगळे बाहेरच्या संस्थेकडे सोपवणे आता मध्यम आकाराच्या कंपन्यांतही रुळले आहे. आमच्या कंपनीने घेतलेल्या अशाच एका सेवेशी लेखा विभागाच्या बाजूने माझा रोजचा संबंध येतो. पगाराची पावती वेळेवर निघते का, भविष्यनिर्वाह निधीचे चलन बरोबर बनते का, रजेचा हिशेब जुळतो का, याबद्दल अशा सेवांची परीक्षणे भरपूर लिहिली जातात, म्हणून त्यात मी भर घालत नाही. मी फक्त एवढेच पाहणार आहे, की कर्मचाऱ्याला प्रवासखर्चाची रक्कम देताना त्यातून आयकर कापायचा की नाही, हे ही सेवा कशाच्या आधारावर ठरवते. सेवेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. खरेदीच्या वेळी आम्ही पाहिलेली इतर उत्पादनेही थोड्याफार फरकाने याच साच्यातली होती, त्यामुळे नावापेक्षा साचा समजणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. कामानिमित्तच्या दौऱ्याचा खर्च ही सेवा उत्तम हाताळते. कर्मचारी मोबाइलवर बिलाचा फोटो काढतो, त्यातली रक्कम, तारीख आणि जीएसटी क्रमांक आपोआप भरले जातात, एकच बिल दोनदा लावले तर लगेच इशारा येतो, आणि दौऱ्याआधी घेतलेली आगाऊ रक्कम देयकातून परस्पर वळती होते. मंजुरीची साखळी स्पष्ट आहे. कोणाच्या टेबलावर देयक अडले आहे हे कर्मचाऱ्याला स्वतःला दिसते, आणि त्यामुळे आमच्याकडे येणारे ‘माझे पैसे कधी येणार’ हे फोन जवळपास बंद झाले. दैनिक भत्त्याच्या बाबतीतही दौऱ्याच्या तारखा आणि देयक यांची सांगड घातली जाते. हा भत्ता आयकर कायद्याचे कलम १०(१४) आणि नियम २बीबी यांखाली (वेगळे सांगितले नसेल तेथे या लेखातले क्रमांक ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यातले आहेत) करमुक्त ठरतो तो प्रत्यक्ष खर्च झालेल्या मर्यादेतच, त्यामुळे दौऱ्याची नोंद भत्त्याला चिकटलेली असणे ही छोटी गोष्ट नाही.

अडचण सुरू होते ती दौरा नसलेल्या प्रवासापासून. घर ते कार्यालय या रोजच्या ये-जा खर्चाचे उदाहरण घ्या. कंपनीने स्वतःच्या वा भाड्याच्या गाडीतून कर्मचाऱ्यांची ने-आण केली तर ती करपात्र सुविधा मानली जात नाही. परंतु त्याच प्रवासाचे पैसे कर्मचाऱ्याच्या हातात रोख पडले, तर तो पगाराचाच भाग होतो. पूर्वी दरमहा १,६०० रुपयांपर्यंतचा वाहतूक भत्ता करमुक्त होता; २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून दिव्यांग कर्मचारी वगळता इतरांसाठी ती सूट संपली. या सेवेत मात्र ‘स्थानिक प्रवास’ असा एकच प्रकार आहे आणि त्यावर कर शून्य असे आधीच ठरवून ठेवलेले आहे. ग्राहकाच्या कार्यालयात जाऊन आलेली टॅक्सी आणि रात्री उशिरा घरी सोडणारी टॅक्सी या दोन्ही एकाच खिडकीतून बाहेर पडतात. कोठून कोठे आणि कशासाठी, हे विचारणारा रकाना आहे, परंतु तो भरणे सक्तीचे नाही, आणि जो रकाना सक्तीचा नाही तो आपल्याकडे कोणी भरत नाही हे लेखा विभागातल्या माणसाला सांगायला नको.

खरी परीक्षा रजा प्रवास सवलतीची, म्हणजे रजेत सहकुटुंब केलेल्या प्रवासासाठी नियोक्ता देतो त्या, सर्वांच्या तोंडी असलेल्या एलटीएची. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम १०(५) आणि नियम २बी यांनी या सवलतीभोवती बरीच कुंपणे घातली आहेत. प्रवास भारतातच हवा. चार कॅलेंडर वर्षांच्या गटात दोनदाच सूट मिळते. ती फक्त प्रवासभाड्याला असते, हॉटेल आणि जेवणाला नसते. विमानाने गेल्यास राष्ट्रीय विमान कंपनीच्या इकॉनॉमी वर्गाचे सर्वांत जवळच्या मार्गाचे भाडे ही कमाल मर्यादा असते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेल्यानंतर ही ‘राष्ट्रीय विमान कंपनी’ नेमकी कोणती, हा प्रश्न पगारपत्रक बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःला विचारला असेल. १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेल्या दोनपेक्षा अधिक मुलांसाठी सूट नाही, जुळ्यांचा अपवाद सोडून. आणि आई-वडील वा भावंडे कर्मचाऱ्यावर अवलंबून असली तरच कुटुंबात मोजायची.

यातले किती या सेवेला कळते हे पाहण्यासाठी चाचणीच्या खात्यातून मी एक काल्पनिक देयक भरले. मुंबई–कोची–कोलंबो–चेन्नई–मुंबई असे सलग तिकीट, एकूण भाडे ६०,००० रुपये. अर्जात ‘प्रवासाचे ठिकाण’ असा एकच रकाना होता, त्यात मी कोची लिहिले आणि तिकीट जोडले. तिकिटावर कोलंबो ठळक अक्षरांत छापलेले होते. सेवेने तिकीट वाचले, रक्कम उचलली, तारखा उचलल्या, प्रवाशांची नावे कर्मचाऱ्याच्या कुटुंबाच्या नोंदीशी ताडून पाहिली आणि हिरवी खूण करून पूर्ण ६०,००० रुपये करमुक्त दाखवले. मधले टप्पे वाचून त्यांचे काय करायचे याची कोणतीही आज्ञा तिला दिलेलीच नसावी.

हे उदाहरण मी हवेतून काढलेले नाही. भारतीय स्टेट बँक विरुद्ध सहायक आयकर आयुक्त या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी जो निर्णय दिला, त्यात नेमका असाच प्रवास होता. सरन्यायाधीश उदय लळित, न्यायमूर्ती रवींद्र भट आणि न्यायमूर्ती सुधांशु धुलिया यांच्या पीठापुढे आलेल्या या प्रकरणात कर्मचारी दिल्लीहून मदुराईला आणि तेथून कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर असे फिरून पुन्हा कोलंबोमार्गे दिल्लीला परतले होते, आणि बँकेने कर न कापता त्यांची प्रतिपूर्ती केली होती. आम्ही परदेशाच्या टप्प्यासाठी पैसे दिलेले नाहीत, भारतातल्या दोन ठिकाणांमधल्या जवळच्या मार्गाएवढेच भाडे दिले, असे बँकेचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. परदेशाचा टप्पा आला की प्रवास भारतातला राहत नाही आणि असा वळसा हा जवळचा मार्गही नसतो, अशा दोन्ही अंगांनी अट मोडल्याचे न्यायालयाने म्हटले. बँकेला सर्वांत जड गेलेली बाब मात्र वेगळीच होती. कर्मचाऱ्यांनी आपला संपूर्ण मार्ग बँकेला कळवलेला होता. तेव्हा माहिती हाताशी असताना कर न कापणे ही प्रामाणिक गफलत म्हणता येणार नाही, असे ठरून बँक ‘कसूरदार करदाता’, म्हणजे न कापलेल्या कराला स्वतः जबाबदार, ठरली.

म्हणूनच तिकीट जोडून घेणारी पण न वाचणारी सेवा मला अजिबात तिकीट न मागणाऱ्या सेवेपेक्षा अधिक धोक्याची वाटते. तिकीट आमच्या सर्व्हरवर आहे, त्यावर कोलंबो लिहिले आहे, आणि उद्या करनिर्धारण अधिकाऱ्याने ते काढून समोर ठेवले तर कंपनीला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरत नाही.

कलम १९२ पगार देणाऱ्याला वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर कर कापायला सांगते आणि कमी-जास्त झाले तर त्याच वर्षात पुढच्या पगारातून जुळवून घेण्याची मुभाही देते. ती संधी मार्चबरोबर संपते. त्यानंतर कर न कापणाऱ्या नियोक्त्याला जबाबदार धरणारे कलम २०१ पुढे येते. वरच्या काल्पनिक देयकातला कर्मचारी जुन्या करप्रणालीत, म्हणजे एलटीएसारख्या सवलती जिच्यात मिळतात तिच्यात, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर चार टक्के उपकर धरून न कापलेला कर १८,७२० रुपये होतो. त्यावर दरमहा किंवा महिन्याच्या भागासाठी एक टक्का व्याज, आणि शिवाय कलम २७१सी खाली न कापलेल्या कराएवढा दंड होऊ शकतो, वाजवी कारण दाखवता आले तरच तो टळतो. रक्कम एका कर्मचाऱ्याची आहे म्हणून लहान दिसते. कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल, तर ही सगळी वसुली व्यवहारात कंपनीच्याच खिशातून होते.

कायद्याने एक सुटका ठेवली आहे. कर्मचाऱ्याने ते उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवून कर भरला असेल आणि सनदी लेखापालाने नमुना २६ए मध्ये तसे प्रमाणित केले, तर नियोक्ता कसूरदार मानला जात नाही. कर्मचाऱ्याने विवरणपत्र भरले त्या तारखेपर्यंतचे व्याज तेवढे त्याला भरावे लागते. सेवेच्या मदतपुस्तिकेत या सुटकेचा उल्लेख मोठ्या आत्मविश्वासाने केलेला आहे. प्रत्यक्षात एलटीएच्या बाबतीत ती क्वचितच हाती लागते, कारण कंपनीनेच दिलेल्या नमुना १६ मध्ये, म्हणजे पगार आणि करकपातीच्या वार्षिक प्रमाणपत्रात, ती रक्कम करमुक्त दाखवलेली असते आणि कर्मचारी विवरणपत्रात तेच आकडे उतरवतो. आम्ही करमुक्त म्हटलेले उत्पन्न त्याने आपण होऊन करपात्र म्हणून का दाखवावे?

त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट खटकली. कर्मचाऱ्याच्या साध्या घोषणेवर एलटीएची सूट देण्याचा पर्याय सेवेत चालू ठेवलेला आहे. लार्सन अँड टुब्रो प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने नियोक्त्याने एलटीएची बिले गोळा करण्याचे बंधन नाही असे म्हटले होते, हे खरे. परंतु १ जून २०१५ पासून कलम १९२(२डी) आले, २०१६ पासून सवलतींचा तपशील पुराव्यासह देण्याचा नमुना १२बीबी आला, आणि पुरावा घेणे ही नियोक्त्याची जबाबदारी झाली. इतकी वर्षे लोटल्यावरही तो पर्याय पडद्यावर असणे हा आळस आहे, आणि तो कंपनीला महागात पडू शकणारा आळस आहे.

करप्रणालीच्या निवडीत तर सेवेने प्रत्यक्ष गोंधळ घातला. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ मानली जाते आणि कर्मचाऱ्याने काही कळवले नाही, तर तो नव्या प्रणालीत आहे असे धरून कर कापायचा असतो. नव्या प्रणालीत कामाच्या दौऱ्याचा भत्ता करमुक्त राहतो, एलटीए मात्र राहत नाही. आमच्या एका सहकाऱ्याने काहीच निवड कळवली नव्हती. सेवेने त्याचा मासिक कर नव्या प्रणालीप्रमाणे बरोबर काढला आणि त्याच महिन्यात त्याचा एलटीएही करमुक्त म्हणून दिला, कारण प्रतिपूर्तीचा विभाग आणि कर काढण्याचा विभाग यांत ही एक माहिती वाहतच नव्हती. फेब्रुवारीतला वर्षअखेरचा अंदाज हाताने तपासताना आमच्या कनिष्ठ लेखापाल मॅडमच्या हे लक्षात आले आणि मार्चच्या पगारातून फरक वळता झाला. सेवेकडे तक्रार केल्यावर उत्तर तत्परतेने आले आणि भाषाही नम्र होती, पण त्यात एवढेच होते की करविषयक सल्ला त्यांच्या सेवेत अंतर्भूत नाही. करारातली अटही तेच सांगते : हिशेब त्यांचा, अंतिम जबाबदारी आमची, आणि काही नुकसान झालेच तर भरपाई त्यांच्या शुल्कापुरती.

चार वर्षांचा गट मोजण्यातही सेवा आर्थिक वर्ष आणि कॅलेंडर वर्ष यांची सरमिसळ करते. २०२२ ते २०२५ हा गट डिसेंबर २०२५ ला संपला, तरी जानेवारी ते मार्च २०२६ मधला प्रवास ती जुन्याच गटात घालते. न वापरलेल्या सवलतींपैकी एक पुढच्या गटाच्या पहिल्या कॅलेंडर वर्षात वापरता येते हे तिला माहीत आहे, परंतु ती वापरली गेली की नाही याची वेगळी नोंद ती ठेवत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने पगारावरील करकपात आता कलम ३९२ मध्ये आणि कसुरीचे परिणाम कलम ३९८ मध्ये गेले आहेत. सेवेने पडद्यावरचे क्रमांक वेळेत बदलले, त्याबद्दल कौतुक. गट मोजण्याची पद्धत मात्र तशीच आहे.

दौऱ्याचा खर्च हाच ज्यांचा मुख्य भार आहे, म्हणजे विक्री प्रतिनिधी वा देखभालीचे अभियंते सतत फिरतीवर असणाऱ्या कंपन्या, त्यांनी ही सेवा निःशंक घ्यावी असे मी म्हणेन. ज्यांच्या वेतनरचनेत एलटीए आणि घरच्या ये-जा खर्चाची प्रतिपूर्ती आहे, त्यांनी खरेदीआधी विक्रेत्याला एक परदेशी टप्पा असलेले तिकीट भरून दाखवायला सांगावे आणि हिरवी खूण येते का ते स्वतः पाहावे.

कराराच्या नूतनीकरणात आम्ही दोन मागण्या ठेवल्या. एलटीएच्या अर्जात प्रत्येक टप्पा वेगळा भरणे सक्तीचे असावे, आणि नवी प्रणाली असलेल्या कर्मचाऱ्याची एलटीएची रक्कम आपोआप करपात्र व्हावी. दुसरी मागणी त्यांनी लेखी मान्य केली आणि ती अमलातही आणली. पहिली ‘पुढील आवृत्तीत विचाराधीन’ आहे. तोपर्यंत एलटीएची सगळी देयके सेवेतून थांबवून आमच्या विभागात येतात, मॅडम तिकिटावरचा प्रत्येक टप्पा वाचून शिक्का मारतात, आणि त्यानंतरच रक्कम सुटते. या हातकामाच्या वेळेचा खर्च आम्ही नूतनीकरणाच्या शुल्कातून वजा करून मागितला आहे. त्यावर विक्रेत्याचे उत्तर अजून यायचे आहे.