पैठणी की बनारसी? आधी साडी उलटी करून पाहा

लग्नाच्या खरेदीत शेवटी या दोनच साड्या समोर उरतात, आणि दोन्ही हातमागाच्या असल्या की दुकानदार कुठलीच वाईट म्हणत नाही. रंग, काठ तुमच्या आवडीचे. मी सांगतोय ते मागच्या बाजूबद्दल.

येवल्याच्या पारंपरिक पैठणीच्या पदरात नक्षीच्या प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. विणकर उभे धागे मोजून ती तेवढ्याच जागेत फिरवतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे उलट्या बाजूनेही मोर मोरच दिसतो. एकेका ओळीत अशा कितीतरी तिल्ल्या फिरतात, म्हणून पदराला महिने लागतात आणि किंमतही तशीच असते.

बनारसीत नक्षीसाठी उभे धागे जकार्ड, म्हणजे मागावर बसवलेलं यंत्र, उचलतं. वेलींची गोलाई, शिकारगाहमधले (शिकारीच्या दृश्यांच्या नक्षीतले) हत्ती-घोडे जितके रेखीव उतरतात, तितके पैठणीत उतरत नाहीत; तिथे तिरक्या रेषेला पायऱ्या पडतातच. नुसत्या रेखीवपणावर ठरवायचं असेल तर बनारसी घ्या, वाद नाही.

अडचण बनारसीच्या फेकुआ विणीत आहे. यात नक्षीची जर या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात, आणि बुट्टी नसेल तिथे ती मागे मोकळी राहते. निऱ्यांच्या आत जोडवी, पदरामागे बांगडी. एकदा अडकली की धागा ओढला जातो, पुढची बुट्टी आक्रसते आणि ती पूर्ववत होणं कठीण. म्हणून दुकानातच पदराला मागून नेट लावून देतात. अडकणं थांबतं खरं, पण पदर फुगतो, पिन केलेल्या घड्या खांद्यावर बसत नाहीत आणि कतानचा, म्हणजे पीळ दिलेल्या रेशमाच्या कापडाचा, तो सुंदर सुळसुळीतपणा नेटमागे दडतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

बनारसीच्या आणखी दोन विणी आहेत. कटुआत हे मोकळे धागे कापून टाकतात. बुट्टीच्या दोन्ही कडांना कापलेली टोकं दिसतात, आणि वीण सैल असली तर ती वापरात निसटतात. कढुआत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते, त्यामुळे हा त्रास नाही. कडेला धागा वळून परत आत गेलेला दिसतो. कटुआ कढुआ म्हणून गळ्यात मारली जाऊ शकते, तेव्हा मोबाइलचा कॅमेरा झूम करून ही कड बघाच. अस्सल कढुआ कतान मिळाली तर माझी तक्रार नाही. फक्त तेवढ्या पैशांत बहुधा चांगली पैठणीही येते, आणि मग माझा हात तिकडे वळतो.

पैठणीही निर्दोष नाही. जरीचा पदर जड, थोडा कडक. घडी वर्षभर एकाच जागी राहिली तर तिथे जर मोडते. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि अंगभर जकार्डचे बुट्टे असलेली ब्रोकेड पैठणी घेणार असाल तर तीही उलटून पाहा, मागे मोकळे धागे तिच्यातही असतात.

बजेट आखडतं असेल तर अंगावरचे बुट्टे कमी करा, काठ साधा नारळी घ्या, पदर मात्र तिल्लीचाच मागा.